शॉकअपवरची मरून रेघ

आधीच सांगून टाकतो. माझ्या मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपमध्ये जास्तीचं तेल मीच ओतलं होतं. शॉकअपवाल्या चाचांनी मोजून बसवलेलं काम मी एका दुपारी घरी एकट्यानं उघडलं, वरून तेल ओतलं, झाकणं पुन्हा बसवली, आणि उघडल्याचं कळू नये म्हणून झाकणांवरची त्यांची मरून रेघ बायकोच्या नेलपॉलिशनं नव्यानं ओढली. त्या तेलानं माझ्या मेहुण्याचं हाड मोडलं. दोष चाचांनी स्वतःवर घेतला आणि मी तो घेऊ दिला. एकदोन दिवस नाही, चार वर्षं.

मी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका बर्फाच्या कारखान्यात मेंटेनन्सचा सुपरवायझर आहे. काटे वाचणं, दाब बघणं, तेलाची पातळी तपासणं, यावरच माझं पोट चालतं. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

आमच्या कारखान्याच्या कुंपणाला लागून चाचांची पत्र्याची शेड होती. आयुष्याची तीस वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आणि मग खाडीपलीकडच्या आपल्या गावी परत आले. घरात बसवेना म्हणून ही शेड घेतली. शेडवर त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली होती: "पुढचे शॉकअप. फक्त पुढचे. भरतीला बंद."

ही पाटी वाचून नवा माणूस थांबायचाच. मीही थांबलो होतो.

"चाचा, भरतीचा आणि शॉकअपचा काय संबंध?"

"तेल मोजायचं काम हाय बाबा. दर्या चढतीला लागला की तेल पण चढतं."

मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेला माणूस, पण तीस वर्षं समुद्रावर काढलेल्यासमोर तोंड उघडेना. आठवडाभर मी या गोष्टीवर विचार केला. मग त्यांच्या शेजारचा चहावाला हसत म्हणाला, "साहेब, भरतीला होड्या खाडीत शिरतात. चाचा धक्क्यावर मासे घ्यायला जातात. उशीर झाला की चांगलं संपतं."

मी चाचांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "मग? डोक्यात बांगडे असताना तेल मोजलं तर चढणारच ना?"

त्यांच्याकडे सायकल होती. जुनी, काळी, पुढे मासळीची पिशवी अडकवलेली. आसपासच्या चार तालुक्यांतून लोक आपल्या गाड्या त्यांच्याकडे आणायचे, पण ते स्वतः कधी मोटरसायकलवर बसले नव्हते. चालवणं सोडा, मागेही बसले नव्हते. "मी इंजिनाच्या खाली काम केलेला माणूस," म्हणायचे, "वर बसायची सवय नाय." गाडी त्यांना तळव्यानं कळायची. हँडलवर एक हात ठेवून दाबायचे, डोळे मिटायचे, गाडी वर येईपर्यंत श्वास धरायचे. मग एकच वाक्य. "याचा डावा पाय दुखतोय." डाव्या शॉकअपचा बुश खरंच झिजलेला निघायचा.

इथे थोडं गाड्यांबद्दल सांगायला हवं. हल्ली मातीत आणि कातळावर चालवायच्या गाड्या परवडणाऱ्या किमतीत मिळतात. आम्ही पाचसहा जणांनी चाळिशी ओलांडल्यावर त्या घेतल्या आणि रविवारी सकाळी सड्यावर जाऊ लागलो. सडा म्हणजे आमच्याकडचं कातळाचं उघडं पठार, झाड नाही, माणूस नाही. स्वस्त गाडीत काटकसर कुठे होते ते पहिल्याच खड्ड्यात कळतं. पुढचा शॉकअप. आत एक मऊ स्प्रिंग, थोडं पातळ तेल आणि कंपनीचा विश्वास. मोठ्या दगडावरून उतरलं की पुढचा भाग खट् करून तळाला बसतो आणि तो खट् थेट मनगटात येतो.

नवे भारी शॉकअप घालायचे तर निम्म्या गाडीचे पैसे. चाचा त्याच शॉकअपला शहाणं करायचे.

पहिलं काम वजनाचं. धक्क्यावरून मोडीत निघालेला मासळीचा मोठा वजनकाटा त्यांनी शेडमध्ये आणून ठेवला होता. कितीही धुतला तरी त्याला सुरमईचा वास यायचा. त्यावर हेल्मेट, बूट, पाण्याची बाटली यांसकट उभं राहायचं. आकडा चाचा मोठ्यानं वाचायचे आणि खडूनं शेडच्या दारावर लिहायचे. नाव नाही, नुसता आकडा. पण सगळ्यांना कळायचं. नावाऐवजी कारखान्यातले लोक बरेच दिवस मला "साडेशहाण्णव" म्हणत होते.

मग स्प्रिंग. त्यावर प्लंबिंगच्या पाइपचा तुकडा कापून बसवायचा, माणसाच्या वजनाप्रमाणे लांब किंवा आखूड. मग तेल, दोन प्रकारचं, मिसळून. आणि शेवटी त्यांचं खरं काम: माप. शॉकअप पूर्ण दाबून, आत स्टीलची पट्टी उभी सोडून, वरच्या काठापासून तेलापर्यंत किती जागा मोकळी आहे ते बघायचं. ती मोकळी जागा म्हणजे हवा. चाचा म्हणायचे, "तेल सगळे बघतात. मी हवा मोजतो." हवा कमी राहिली की शॉकअपला दबायला जागाच उरत नाही. मग तेल रस्ता शोधतं, आणि सगळ्यांत कच्चा रस्ता म्हणजे रबराचं सील.

ती पट्टी त्यांच्याकडे पहिल्या जहाजापासून होती. अंगठा ठेवून ठेवून तिच्यावरचे सुरुवातीचे आकडे पुसट झाले होते. दुसरं कोणी ती उचललेली त्यांना चालायची नाही. एकदा मी तिनं पाठ खाजवली, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

माप झालं की झाकण घट्ट करून त्यावर आणि शेजारच्या क्लॅम्पवर मिळून एक बारीक मरून रेघ ओढायची. झाकण केसभर फिरलं तरी रेघ तुटते. ही त्यांची सही होती, आणि नियमही. "रेघ तुटलेली गाडी माझ्याकडे परत आणायची नाय. ज्यानं तोडली त्याच्याकडे न्यायची." रंगाची छोटी बाटली ते शर्टाच्या खिशात ठेवायचे. तीही नेलपॉलिशच होती. मुलीच्या लग्नातली उरलेली, मग संपली तशी दुसरी, पण रंग तोच.

शॉकअपच्या चकचकीत नळीला ते प्लास्टिकची एक टाय सैल बांधून द्यायचे. शॉकअप जितका दबेल तितकी टाय वर सरकते आणि तिथेच राहते. रविवारी आपण काय केलं हे सोमवारी चाचांना टाय सांगायची. आमच्यात एक वकील होते. ते एका सोमवारी शेडमध्ये आपण मारलेल्या उडीचं वर्णन करत होते. पुरुषभर उंची, खाली दरी वगैरे. चाचा खाली बसले, टाय बघितली. दोन बोटं सरकली होती.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "तुमचा साक्षीदार फुटला."

चाचांचं एक बोलणं मला फार आवडायचं. ते म्हणायचे, शॉकअपला दोनच कामं. दबणं आणि परत येणं. दबायला अक्कल लागत नाही, धोंडा पडला की सगळं दबतं. परत कसं येतं त्यावर शॉकअपची किंमत. टाणकन उसळून आलं तर माणूस फेकला जातो. फार सुस्त आलं तर पुढचा खड्डा येतो तेव्हा ते अजून खालीच असतं. हँडल दाबून ते परत येताना ते मोजायचे, ओठांतल्या ओठांत.

आता माझी गोष्ट.

माझा शॉकअप चाचांनी एकशे चाळीसवर बसवला होता. म्हणजे वरून एकशे चाळीस मिलिमीटर हवा. गाडी बदललीच. हात दुखायचे थांबले, वळणावर विश्वास आला. पण सड्यावर एके ठिकाणी उंचवटा आहे, तिथून उडी घेतली की माझी गाडी अजूनही खट् करायची. मी सोमवारी जाऊन सांगितलं, तेल वाढवा.

चाचांनी टाय बघितली, मग मला बघितलं. "उडी मारतोस तेव्हा बसलेला असतोस की उभा?"

"उभाच."

"गुडघे?"

"गुडघ्यांचं काय?"

त्यांनी शेडच्या मध्यावर एक फळी टाकली आणि मला तिच्यावर उभं केलं. "वाक. वर ये. वाक. वर ये." जेवणाची सुट्टी झालेली. कारखान्यातली माझी माणसं चहा घेत कुंपणापाशी उभी होती. ज्यांना मी सकाळी कामाला उशीर झाला म्हणून बोललो होतो तीच. मी बारा वेळा गुडघे वाकवले. कोणीतरी "साडेशहाण्णव, आणि एक!" असं ओरडलं. चाचाही हसले. "शॉकअप गाडीला दोन हायत, तुला पण दोन दिलेत. आधी ते वापर. तेल बरोबर हाय."

त्यात अपमान काही नव्हता. आज मला ते स्पष्ट दिसतं. त्या दिवशी दिसलं नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी बायको बाहेर गेली होती. मी अंगणात गाडी क्रेटवर चढवली, हँडल मोकळं केलं, झाकणं उघडली. मोबाइलवर एक माणूस सांगत होता की तेल थोडं वाढवा, तळ लागणार नाही. त्यानं "थोडं" किती तेही सांगितलं होतं. मोजायचं साधन घरात होतं. मी ते शोधत बसलो नाही. स्वयंपाकघरातून स्टीलचा कप आणला आणि दोन्हीकडे ओतलं. मनाला पुरेसं वाटेपर्यंत.

मग रेघ. ती तुटली होती. नियम आठवला. हा म्हातारा आता माझ्या गाडीला हात लावणार नाही, आणि का ते सगळ्यांसमोर सांगेल. बायकोच्या ड्रेसिंग टेबलवर मरून बाटली होती. जुनी रेघ मी तिथल्याच रिमूव्हरनं पुसली आणि नवी ओढली. हात स्थिर होता. चांगली आली.

रात्री बायकोनं विचारलं, "या बाटलीला ऑइलचा वास कसा येतोय?"

"तुझ्या बाटल्यांना कसले कसले वास असतात," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सावर्ड्याहून तिचा धाकटा भाऊ प्रसाद आला. त्याचं तिथे बाजारात खतबियाण्यांचं दुकान आहे. आला की माझी गाडी घेऊन आमच्याबरोबर सड्यावर यायचा, मी दुसऱ्याची घ्यायचो. हलका, चपळ पोरगा, माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगला चालवणारा. त्यानं त्याच उंचवट्यावरून उडी घेतली. मी मागेच होतो. गाडी उतरली आणि पुढचा भाग दबलाच नाही. दगडासारखा उभा राहिला. मग काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला. डाव्या बाजूचं सील फुटलं होतं, आणि डावीकडेच ब्रेकची डिस्क. पुढे उतार. प्रसादनं ब्रेक दाबला, तेलानं माखलेली डिस्क घसरली, आणि गाडी त्याला घेऊन खालच्या गडग्यावर गेली. जांभा दगड रचून केलेला कुंपणाचा गडगा. त्याचं डाव्या खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं आणि डावं मनगट. खांद्याचं ऑपरेशन झालं. तो हात आजही पूर्ण वर जात नाही. दुकानातल्या वरच्या फळीवरचा माल तो दुसऱ्याला काढायला सांगतो.

मोडकी गाडी टेम्पोतून चाचांच्या शेडमध्ये आणली. मी बरोबर होतो. वकील होते, आणखी दोघे होते. चाचांनी आधी काय केलं असेल? खाली बसून झाकणांवरच्या रेघा बघितल्या. दोन्ही शाबूत. बोट फिरवलं. मला वाटलं, आता कळणार. मला तसं हवंही होतं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. त्यांना कळलं नाही. कारण रेघ शाबूत होती, आणि त्यांचा आपल्या रेघेवर विश्वास होता.

त्यांनी उजवा शॉकअप उघडला, तो फुटला नव्हता. दाबून पट्टी सोडली. एकशे चाळीस यायला हवं होतं. पंचाण्णव. पट्टी पुसली, पुन्हा सोडली. पंचाण्णव. चष्मा काढून पुसला, तिसऱ्यांदा सोडली. मग शेडमध्ये आम्ही चौघे आहोत हे विसरल्यासारखे ते बसून राहिले.

"रेघ माझी हाय," ते म्हणाले. "म्हणजे माप पण माझंच. मी चुकलो."

वकील म्हणाले, "असं कसं होईल चाचा? तुम्ही आणि चूक?"

"रेघ तुटलेली नाय ना? मग दुसरा कोण?"

मी चहा सांगायला बाहेर गेलो. हे माझं त्या दिवशीचं योगदान.

पंधरा दिवसांनी प्रसादला दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हा चाचा म्हणाले, "मला सावर्ड्याला घेऊन चल." मी माझ्या चारचाकीतून नेलं, बायकोही होती. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. प्रसादच्या घरी खुर्ची दिली तर बसले नाहीत. टीव्ही आणि दार यांच्या मधल्या जागेत उभे राहिले, हात सरळ खाली, जहाजावर कप्तानासमोर उभं राहावं तसे.

"प्रसाद, मी मोजताना चुकलो. माझ्या चुकीनं तुझं हाड मोडलं. माफ कर."

एवढंच. 'पण' नाही, 'परंतु' नाही, 'वय झालं' नाही. प्रसाद रडवेला झाला, "चाचा, असं काय करता, मशीन आहे, होतं कधीतरी," म्हणाला. चाचांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि टीपॉयवर ठेवली. "ही आता माझ्या कामाची नाय. तुझ्या दुकानात उपयोगी पडेल."

मी सोफ्यावर बसलो होतो. हातात पोह्यांची ताटली होती.

तिथून परत आल्यावर त्यांनी पाटी पुसली. "पुढचे शॉकअप" गेलं, "पंक्चर" आलं. आपले डोळे गेले असं त्यांना वाटत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच नेलं. त्यांनी नीट तपासलं आणि सांगितलं, वयाच्या मानानं उत्तम आहेत, चष्म्याचा नंबरही तोच आहे. चाचा बाहेर आले. चेहऱ्यावर आनंद असायला हवा होता. पायऱ्यांवर कठड्याला धरून थांबले.

"डोळे ठीक हायत," ते म्हणाले. "म्हणजे डोकं गेलं."

त्या पायऱ्यांवर मी बोलू शकलो असतो. आधी बायकोच्या भावाचं प्रकरण म्हणून गप्प बसलो होतो. मग चाचांनी मान्य केलंच आहे म्हणून. मग इतके दिवस गेले, आता काय, म्हणून. कारणं बदलत गेली. मी त्यांना गाडीत बसवलं आणि एसी लावला.

त्या दिवसापासून त्यांनी स्वतःवर पाळत ठेवली. पंक्चरला किती सुट्टे परत दिले, दोनदा मोजायचे. शेडला कुलूप लावून सायकलवर टांग टाकायचे, उतरून पुन्हा कुलूप ओढून बघायचे. चहावाल्याला विचारायचे, "मी हे तुला आधी सांगितलंय काय रे?" चाचांना काहीही झालेलं नव्हतं. झालेलं नाही हे जगात एकट्या मला ठाऊक होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर चहावाल्यानं सांगितलं की चाचा शेड रिकामी करतायत. मुलगी दापोलीकडे आंजर्ल्याला असते, तिच्याकडे कायमचे जाणार. "म्हणतात, डोक्याचा भरवसा नाही, एकट्यानं राहायला नको."

मी ताटावरून उठून गेलो. ओहोटी होती, शेड उघडी होती. चाचा पाने-पकडी पोत्यात भरत होते. वजनकाटा भिंतीला टेकवून ठेवला होता. दारावरचे खडूचे आकडे तसेच होते. माझाही.

"चाचा, ती रेघ मी रंगवली होती."

"कुठली?"

"प्रसाद पडला त्या गाडीवरची. आदल्या दिवशी मी उघडली होती. तेल मी ओतलं. तुमची रेघ पुसली आणि दुसरी ओढली."

ते पोत्याचं तोंड धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "कशानं ओढलीस?"

"बायकोची नेलपॉलिश. मरून."

"आणि तेल? किती?"

"मोजलं नाही."

इतका वेळ त्यांचा चेहरा कोरा होता. आता तो तापला. "मोजलं नाय? बर्फाच्या कारखान्यात काटे वाचतोस आणि मोजलं नाय? चोरी करायची ती पण मापात करता येत नाय तुला?"

मी मान खाली घातली.

"कशानं ओतलंस?"

"चहाच्या कपानं."

"या अल्ला," असं म्हणून ते मासळीच्या काट्यावरच बसले. काटा करकरला. बोटांनी हवेत काही हिशोब केला. "एक कप. वरून थोडं. पंचाण्णव येणार. बरोबर येणार." मग माझ्याकडे बघत त्यांनी आपल्या कपाळाला हात लावला, ताप बघतात तसा. "म्हणजे हे ठीक हाय?"

"ठीक आहे चाचा. पहिल्यापासून ठीक आहे."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, चष्मा पुसला. मग म्हणाले, "चार वर्षं. तुझ्यात फारच जाड तेल भरलंय रे. परत यायला किती वेळ?"

मी वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"ते नको. मला माफी नकोच. माझीच एक माफी सावर्ड्याला पडून हाय. मी तिथे उभा राहून दिली, आणि ती माझी नव्हती. ती परत आणून दे. आणि माझी पट्टी."

"मी उद्याच जाऊन आणतो."

"एकटा जाऊन आणशील आणि काय सांगितलंस ते मला कसं कळणार? मी येणार. तुझी बायको पण येणार. तेव्हा जे होते ते सगळे."

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती उठून ड्रेसिंग टेबलपाशी गेली, खण उघडला, बराच वेळ आत बघत राहिली आणि बंद केला. रविवारी सकाळी गाडीत मागे चाचांशेजारी जाऊन बसली. माझ्याशेजारची जागा सावर्ड्यापर्यंत रिकामी होती.

प्रसादनं हसत दार उघडलं. "चाचा! या, या. आज भरती नाही वाटतं?" स्टीलची पट्टी टीव्हीखालच्या कपाटात होती, त्याच्या मुलीच्या वह्यांवर. तिनं ती शाळेत कधी नेली नव्हती, म्हणाला, चाचाआजोबांची आहे म्हणून. त्यानं खुर्च्या पुढे केल्या. चाचा या वेळी बसले. बायको बसली. मी बसलो नाही.

टीव्ही आणि दार यांच्या मधली जागा लहान आहे. तिथे उभं राहिलं की समोरच्या भिंतीला टेकून बसलेला प्रसाद दिसतो, आणि त्याचा डावा खांदा, उजव्यापेक्षा थोडा खाली. मी हात सरळ ठेवले. वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. माझ्या आधी त्या जागेवर उभ्या राहिलेल्या माणसानं जी वापरली होती त्यांच्यापुढे ती सगळी लांब होती.

"प्रसाद, चाचांनी इथे उभं राहून तुझी माफी मागितली, ती माझी होती. त्यांचं काम मी उघडलं, तेल मी ओतलं, आणि लपवण्यासाठी त्यांची रेघ मी रंगवली. चाचा मोजताना चुकले नाहीत. मी मोजलंच नाही. माझ्यामुळे तुझं हाड मोडलं. माफ कर."

मग कपाटातली पट्टी उचलून मी चाचांसमोर धरली.

"आणि चाचा, तुमचं माप बरोबर होतं. एकशे चाळीस. हे मला तेव्हापासून माहीत होतं. मला माफ करा."